सातही रेकॉर्डींवर 'फॉक्स-ट्रॉट'? स्विंग कसं ऐकावं?

बोळातला | शनिवार, रात्री ११:१२

संगीतातलं मला फारसं कळत नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आमचे आजोबा भुसावळला रेल्वेत होते. स्वातंत्र्यानंतर वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या शेजारचा अँग्लो-इंडियन गार्ड चंबूगबाळं आवरून कायमचा विलायतेला निघाला आणि जाताना पत्र्याची एक ट्रंक आमच्या ओसरीवर ठेवून गेला. 'नंतर मागवतो' म्हणाला. ते 'नंतर' काही उगवलं नाही. आजोबांकडे ग्रामोफोन नव्हता, त्यामुळे ट्रंक आधी भुसावळला आणि मग पुण्यात आमच्या माळ्यावर तशीच पडून राहिली. (अगदी तशीच नाही. लहानपणी मी ती उघडायचो. त्याबद्दल नंतर कधीतरी.)

गेल्या महिन्यात वाडा रिकामा केला तेव्हा ट्रंक खाली आली. आत सतरा रेकॉर्डी. चार फुटलेल्या, दोन चरे पडून गेलेल्या, एकीचं लेबल कसरीने खाल्लेलं. उरलेल्या दहांपैकी सातांवर इंग्रजीत 'फॉक्स-ट्रॉट' छापलंय. मला वाटलं, एकच गाणं सात जणांनी म्हटलंय. आपल्याकडे एकच चीज दहा गवई गातात तसं. लावून पाहिलं तर सातही वेगळी!

ग्लेन मिलर, बेनी गुडमन, आर्टी शॉ, रे नोबल, हेन्री हॉल अशी नावं आहेत. माझ्या टर्नटेबलला ७८ चा (मिनिटाला ७८ फेऱ्यांचा) खटका आहे, त्यावर लावल्या. पाऊस पडावा तशी खरखर, आणि त्यामागे पलीकडच्या आळीत कुणीतरी बँड वाजवतंय असं. गाणं तीन मिनिटांत खलास. गाणारा मध्येच कुठून तरी येतो, एक कडवं म्हणतो, गायब होतो. मंडळी, यात नेमकं ऐकायचं काय?

फाटका_खिसा | शनिवार, रात्री ११:३१

पुण्यात वाडा रिकामा केला? त्यावर वेगळा धागा काढा. आम्ही भेळ घेऊन बसतो.

लाखमोलाची | शनिवार, रात्री ११:४०

बोळातला, बाकीचं राहू द्या, आधी ते टर्नटेबल बंद करा!

नुसता ७८ चा खटका असून भागत नाही, सुई बदलावी लागते. एलपीची सुई टोकाला साधारण १८ ते २५ मायक्रॉनची. ७८ ची खाच त्याच्या तिप्पट रुंद, तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. तुमची सुई खाचेच्या भिंतींना न टेकता तळाशी घसरत चाललीय आणि तळाला तर पाऊणशे वर्षांची घाण बसलेली. तुम्ही गाणं नव्हे, कचरा ऐकताय. बहुतेक कार्ट्रिजना (सुई बसते तो भाग) ७८ ची वेगळी सुई मिळते. फार महाग नसते.

दुसरं, पुसायला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन काहीही वापरू नका. ह्या तबकड्या लाखेच्या आहेत आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे मला कसं माहीत? माझ्या पहिल्या दहा रेकॉर्डींपैकी एक मी स्वतःच्या हाताने, मोठ्या प्रेमाने, कापसाचा बोळा घेऊन पुसली. बोळा काळा झाला तेव्हा वाटलं, काय मळ निघतोय! मळ नव्हता तो, गाणं होतं. साधं पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं, सावलीत वाळवायची. आणि उभ्या ठेवा, एकावर एक नको.

बोळातला | शनिवार, रात्री ११:४४

बंद केलं. सॅनिटायझरची बाटली टेबलावरच होती. _/\_

ठेकेदार | रविवार, सकाळी ७:०५

आयुष्यभर तबला बडवला आणि गेली वीस वर्षं ह्या नादाला लागलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

'फॉक्स-ट्रॉट' हे गाण्याचं नाव नाही, नाचाचं आहे. गिऱ्हाईक दुकानात जायचं ते संध्याकाळी घरी गालिचा गुंडाळून नाचायला रेकॉर्ड आणण्यासाठी. म्हणून लेबलवर लिहायचे: हा फॉक्स-ट्रॉट, हा वॉल्ट्झ, हा रुंबा. आपण पुस्तकात 'राग भूप, ताल झपताल' लिहितो ना, त्यातला फक्त ताल त्यांनी लिहिला. ह्यातच सगळं आलं बघा. हे संगीत कानाच्या आधी पायांसाठी केलेलं आहे.

गायकाचंही तेच. लेबलवर 'विथ व्होकल रिफ्रेन' दिसेल. बँडमध्ये सात-आठ फुंकवाद्यं तशी एक गळा. त्याच्या वाट्याला ध्रुवपद येणार, ते म्हणायचं आणि बसायचं. रे नोबलच्या रेकॉर्डींवर गाणारा बहुधा अ‍ॅल बोली असतो. तुमच्याकडे त्याची कुठली निघाली तर जपा. कानाशी येऊन बोलल्यासारखं गाणं ही मायक्रोफोनची देणगी, आणि ती त्याच्याइतकी फार थोड्यांनी ओळखली. १९२५ पर्यंत भोंग्यात ओरडून रेकॉर्ड करायचे. विजेचं रेकॉर्डिंग आलं आणि कुजबूजही छापता येऊ लागली. बोली १९४१ च्या एप्रिलमध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यात गेला.

तीन मिनिटांचं नवल मराठी माणसाला तरी वाटू नये. दहा इंची तबकडीत तेवढंच मावतं. आपल्या नाट्यगीतांना आणि ख्यालगायकांनाही त्याच मापात बसावं लागलं, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन मिनिटांत काय उभं केलं ते सांगायला नको. इथे ते काम अरेंजर करतो. सुरुवात कोण करणार, सॅक्सोफोन काय विचारणार, त्याला ट्रंपेट काय उत्तर देणार, ट्रॉम्बोन मागून कुठे गुरगुरणार, एकट्याला सोळा मात्रा कुठे मोकळ्या सोडायच्या, हे सगळं कागदावर बांधलेलं.

आता ऐकायचं कसं. पहिल्यांदा लावाल तेव्हा सुरावटीकडे लक्षच देऊ नका. खालचा मोठा बास ऐका. १९२० च्या दशकात तिथे ट्यूबा असायचा, मात्रेआड 'पूम, पूम' करणारा. पुढे उभा बास आला, बँजो जाऊन गिटार आली आणि चारही मात्रांना पाऊल पडू लागलं. बास अक्षरशः चालतो. त्यावर सॅक्सोफोनवाले प्रत्येक मात्रेचे दोन तुकडे करतात, पण ते सारखे नसतात. पहिला लांबट, दुसरा आखूड. टांग्याच्या घोड्याची दुडकी चाल आठवा. ह्या दोहोंमधली जी ओढाताण आहे ना, खाली सरळ पावलं आणि वर दुडकी, तिला स्विंग म्हणतात. ती लिहिता येत नाही. आपल्याकडेही तबल्यावरच्या लग्गीचे बोल पुस्तकात सापडतात, त्यातलं डुलणं, म्हणजे झोल, सापडत नाही.

दुसऱ्यांदा लावाल तेव्हा फक्त गिटार शोधा. सापडणार नाही, पण नसती तर कळलं असतं. काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन नावाचा माणूस १९३७ मध्ये शिरला आणि १९८७ मध्ये वारला तोवर तिथेच होता. पन्नास वर्षं मात्रेला एक फटका. सोलो जवळजवळ नाहीच. तो, बासवर वॉल्टर पेज, ड्रमवर जो जोन्स आणि पियानोवर खुद्द बेसी. आपल्या भाषेत, ह्या चौघांनी जो ठेका धरलाय त्यावर कुणीही गावं. जो जोन्सने मुख्य लय पायातल्या मोठ्या ड्रमवरून काढून पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर नेली. ढोलावरचा ताल टाळांवर आल्यासारखं ते हलकं झालं.

बाकी तुमच्या ट्रंकेत बेसी दिसत नाही. गार्डसाहेबांची आवड जरा गुळगुळीत होती म्हणायची.

खवट_आजोबा | रविवार, सकाळी ८:२०

मराठी संस्थळावर आता फॉक्स-ट्रॉट. चालू द्या. साहेब गेला, ट्रंक ठेवून गेला.

लाखमोलाची | रविवार, सकाळी ९:०२

आजोबा, साहेब ट्रंक ठेवून गेला हे खरं, पण तबकडीतला माल आपलाच हो! जगातली बहुतेक लाख छोटा नागपूरच्या जंगलांतून जायची. पळस, बोर, कुसुम ह्या झाडांवर किडा बसतो, त्याचा तो चीक. रेकॉर्डीत लाख थोडी, बाकी दगडाची बारीक भुकटी आणि काजळी. भुकटी मुद्दाम घालायचे. पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. त्यामुळेच एका बाजूला एक पिन असा दंडक होता. जुनी पिन परत वापरणं म्हणजे पटाशीने गाणं तासणं.

१९४२ मध्ये युद्धामुळे लाखेची वाट अडली, तेव्हा अमेरिकन सरकारने रेकॉर्ड कंपन्यांचा लाखेचा वापर एकदम ७० टक्क्यांनी कापला. नवी रेकॉर्ड हवी असेल तर जुनी दुकानात आणून द्या, ती दळून नवी करू, असा प्रकार सुरू झाला. किती सुंदर तबकड्या त्या गिरणीत गेल्या असतील! आणि त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. जेम्स पेट्रिलो त्यांचा पुढारी. ज्यूकबॉक्स आणि रेडिओवर रेकॉर्डी वाजतात, आमच्या पोटावर पाय येतो, मोबदला द्या, ही मागणी. डेक्का कंपनी वर्षभराने नमली. व्हिक्टर आणि कोलंबिया १९४४ च्या नोव्हेंबरापर्यंत अडून बसल्या. गायक त्या संघटनेत नव्हते, त्यांनी मागे नुसता कोरस घेऊन गाणी छापली. संप मिटेपर्यंत लोकांना गायकाचीच चटक लागली होती. एक कडवं म्हणून खाली बसणारा आता बँडचा मालक झाला.

फाटका_खिसा | रविवार, सकाळी ९:१५

किडा चावला म्हणतात तो हाच होय.

न्यूजर्सीची_सून | रविवार, सकाळी ९:४८ (इथे अजून शनिवारच आहे)

ठेकेदार, टाळ्या! मी गेली सहा वर्षं लिंडी हॉप, म्हणजे स्विंगवरचा जोडीचा नाच, नाचते. (सासूबाईंना 'एरोबिक्स' सांगितलंय.) बेसी आमच्या न्यू जर्सीचा, रेड बँक गावचा, हे अभिमानाने नमूद करते.

नाचणाऱ्याच्या बाजूने थोडं सांगते. हार्लेममध्ये लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर सॅव्हॉय बॉलरूम होतं, १९२६ ते १९५८. तेव्हाच्या न्यूयॉर्कमध्ये गोरे आणि काळे एका फरशीवर नाचू शकतील अशा जागा बोटावर मोजण्याइतक्या होत्या, त्यातली ही. उलट जवळच्याच कॉटन क्लबमध्ये ड्यूक एलिंग्टनसारखा बँडप्रमुख काळा, गिऱ्हाईक मात्र गोरं. सॅव्हॉयमध्ये दोन मंचांवर दोन बँड बसत आणि आळीपाळीने वाजवत. घरचा बँड चिक वेबचा. पाठीच्या कण्याच्या क्षयाने वाढ खुंटलेला, ड्रममागे नीट दिसायचाही नाही. ११ मे १९३७ ला बेनी गुडमनचा बँड तिथे 'लढायला' आला. गुडमन तेव्हा 'स्विंगचा राजा', आणि ड्रमवर जीन क्रुपा, सिनेमातल्या हिरोसारखा. त्या रात्री वेबने त्यांना धुतलं. क्रुपाने तिथल्या तिथे वेबला वाकून नमस्कार केला. आपल्याकडे जुगलबंदीत एखादा तबलजी दुसऱ्याच्या पायाला हात लावतो तसं. दोन वर्षांनी वेब वारला, पस्तिशीही गाठली नव्हती. त्याच्या बँडमध्ये एक पोरगेलीशी गायिका होती, एला फिट्झजेराल्ड. बँड पुढे तिच्या नावावर चालला.

बोळातला, नाचून बघा हो एकदा. खोलीत कुणी नसताना. तीन मिनिटं का पुरतात ते दमल्यावर कळतं.

बोळातला | रविवार, सकाळी १०:३०

बायको म्हणते, खालच्या मजल्यावर कुणी नसताना.

एक शंका. गुडमन 'स्विंगचा राजा', आणि वेबने त्याला धुतलं. मग राजा तो कसा?

ठेकेदार | रविवार, दुपारी १२:१०

कळीचा प्रश्न विचारलात.

गुडमन शिकागोच्या गरीब ज्यू घरातला, क्लॅरिनेटवर हुकमत अफाट. १९३४-३५ मध्ये त्याचा बँड न्यूयॉर्कहून शनिवारी रात्री रेडिओवर वाजायचा, पण उशिरा, लोक झोपल्यावर. १९३५ च्या उन्हाळ्यात दौऱ्यावर निघाले तर गावोगाव फजिती. २१ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये पोचले, गोडगोड चिजा सुरू केल्या, प्रेक्षक थंड. शेवटी पेटीतून फ्लेचर हेंडरसनची जोरकस अरेंजमेंट काढली आणि पोरं नाचायचं सोडून व्यासपीठाला भिडली. कारण साधं आहे. कॅलिफोर्नियाचं घड्याळ तीन तास मागे. न्यूयॉर्कची मध्यरात्र तिथे ऐन संध्याकाळ. त्या पोरांनी हे सगळं रेडिओवर ऐकून पाठ केलेलं होतं. स्विंगयुग 'सुरू' झालं म्हणतात ते त्या रात्री.

आता हा हेंडरसन कोण? कृष्णवर्णीय बँडप्रमुख. ट्रंपेटचा गट विरुद्ध सॅक्सोफोनचा गट हा सवाल-जवाब त्याच्याच बँडमध्ये वर्षानुवर्षं घडत गेला. १९३४ मध्ये त्याचा बँड पैशाअभावी मोडला आणि त्याने अरेंजमेंट गुडमनला विकल्या. चिजा त्याच, कागद तेच. एक दिवाळखोर, दुसरा राजा. गुडमनच्या बाजूने सांगायचं तर त्याने हेंडरसनचं नाव कधी लपवलं नाही, आणि टेडी विल्सन, लायनेल हॅम्प्टन ह्या कृष्णवर्णीय वादकांना जाहीरपणे सोबत घेऊन वाजवलं. १९३६ च्या अमेरिकेत हे धाडसच. बेसीचं सांगू? डेक्काशी त्याचा पहिला करार झाला तो तीन वर्षांचा, वर्षाला २४ बाजू, मोबदला ७५० डॉलर, रॉयल्टी शून्य. त्यातल्या बाजू आजही विकल्या जातात.

म्हणून म्हणतो, मिलर ऐका, जरूर ऐका, पण तिथे थांबू नका.

लाखमोलाची | रविवार, दुपारी १:२२

हे मिलरला उगाच झोडपणं मला पटत नाही. 'गुळगुळीत' म्हणजे काय हो? चार सॅक्सोफोनांवर क्लॅरिनेट ठेवायचा, तोच सूर एक सप्तक खाली टेनर सॅक्सोफोनला द्यायचा, मध्ये बाकीच्यांनी भरायचं. ऐकताक्षणी 'हा मिलर' कळतं. अशी सही किती जणांना सापडली? १९३९ मध्ये 'ब्लूबर्ड' ह्या ३५ सेंटच्या स्वस्त लेबलवर तो निघत होता. म्हणजे कारखान्यातल्या पोरीला परवडणारा. आणि तो गेलाही कसा! सैन्यात बँड घेऊन गेला आणि १५ डिसेंबर १९४४ ला इंग्लिश खाडीवर विमानासकट नाहीसा झाला.

ठेकेदार | रविवार, दुपारी १:४०

सहीबद्दल मान्य. पण सही पत्राच्या शेवटी करतात, त्याने सहीचंच पत्र लिहिलं. मिलरच्या बँडमध्ये कुणी चुकत नाही, हीच माझी तक्रार आहे. एलिंग्टनकडे प्रत्येक माणूस वेगळा ओळखू येतो. तो 'ट्रंपेट दुसरा' असं लिहीत नसे, त्या माणसासाठी लिही. १९४० चा त्याचा बँड ऐका, जिमी ब्लँटनचा बास आणि बेन वेब्स्टरचा टेनर.

त्या बँडची एक रात्र जशीच्या तशी शिल्लक आहे. ७ नोव्हेंबर १९४०, नॉर्थ डाकोटातलं फार्गो गाव. दोन हौशी तरुण परवानगी काढून तबकडी कोरायचं यंत्र घेऊन नाचाच्या हॉलमध्ये बसले. कंपनी नाही, स्टुडिओ नाही. एलिंग्टनच्या बँडला त्या रात्री नवा ट्रंपेटवाला मिळालाय, बाहेर थंडी, आत गावातली माणसं नाचतायत. मधूनच कुणी हसतं, बोलतं. स्टुडिओतल्या रेकॉर्डीत जे पाय ऐकू येत नाहीत, ते इथे ऐकू येतात. मिलरने अशा रात्री काय वाजवलं असतं, हे मला खरंच ऐकायला आवडलं असतं.

लाखमोलाची | रविवार, दुपारी १:५१

फार्गोवर शंभर टक्के सहमत. मिलरवर नाही. आणि आता पोळ्या करपतायत.

बार्देसकार | रविवार, दुपारी ४:३५

वामकुक्षी आटोपून आलो. तुम्ही मुंबई विसरला की काय?

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय बँड मुंबईच्या ताजमध्ये येऊन वाजवत होता. मागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. हा वेदरफर्ड पियानोवाला शांघायहून फिरत मुंबईला आणि पुढे कलकत्त्याला गेला, तिथेच १९४५ मध्ये पटकीने वारला. ह्या लोकांच्या शेजारी बसून, ऐकून आमचे गोंयकार तयार झाले. मिकी कुरैया १९३९ पासून वीसेक वर्षं ताजमध्ये बँड चालवत होता. आणि हळदोण्याचा आंतोनियो वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रंपेटवाला, ज्याला मुंबईकर हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.

गोंयकारच का? कारण पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळेत पोराला आधी स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. मुंबईच्या हॉटेलवाल्याला कागद ठेवला की वाजवणारा माणूस हवा होता. गावचा माणूस धोबीतलावच्या कुडात उतरायचा (कूड म्हणजे गावाने चालवलेली खोली, खाट नसली तर नुसती पेटी ठेवायला जागा), आणि संध्याकाळी काळा कोट चढवून हॉटेलात. आमच्या वाड्यावर एक म्हातारे होते, सॅक्सोफोनवाले. ते सांगत, एकच कोट तिघांत असायचा, ज्याला काम त्याला कोट.

मग दारूबंदी आली, हॉटेलांतले नाच आटले, आणि ही माणसं सिनेमाच्या स्टुडिओत अधिकच रुळली. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा ही अरेंजर मंडळी. संगीतकार पेटीवर चाल सांगणार आणि हे तिचं ऑर्केस्ट्रासाठी कागदावर बांधकाम करणार. ठेकेदार बाब, तुम्ही वर जे अरेंजरबद्दल लिहिलंय ते तुम्ही लहानपणापासून ऐकत आलाय, फक्त नाव ठाऊक नव्हतं.

खवट_आजोबा | रविवार, संध्याकाळी ६:१०

बार्देसकार, हे आधी सांगायचं होतं. मग मी सकाळी गप्प बसलो असतो.

चिक चॉकलेट म्हणजे 'अलबेला'तला ना? १९५१. त्यात तो स्वतः बँड घेऊन पडद्यावर आहे. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आमच्या नगर जिल्ह्यातले, पुणतांब्याचे चितळकर. नायक भगवानदादा. अलबेला मी किती वेळा पाहिला ते विचारू नका. भगवानदादाचा नाच म्हणजे फार काही हातवारे नाहीत, गुडघ्यातून नुसतं झुलायचं. त्या सूनबाई सांगतायत तोच हिशेब असणार. गणपतीच्या मिरवणुकीत आम्ही तसेच नाचायचो, आम्हाला काय ठाऊक ते हार्लेमहून आलंय.

न्यूजर्सीची_सून | रविवार, संध्याकाळी ६:२५

आजोबा!! आमच्या वर्गात भगवानदादांची क्लिप दाखवली होती मी. शिक्षक म्हणाला, ह्याचे गुडघे बघा.

बोळातला | नंतरचा शनिवार, रात्री ९:५०

सुई आली. साबणपाण्याने धुतल्या. काय सांगू! पाऊस थांबला नाही, पण छत्री मिळाली.

मिलरच्या 'इन द मूड'चा शेवट आता कळला. एकच तुकडा परत परत, दर वेळी आवाज बारीक, बारीक, इतका बारीक की संपलं वाटावं, आणि मग एकदम सगळे अंगावर येतात. नाचणाऱ्यांची गंमत करत असणार.

आता मुद्द्याचं. लेबल खाल्लेली जी एक होती ती आज लावली. सुरुवातीला नुसता पियानो, मागे तो चालणारा बास. (ठेकेदार, ऐकू आला!) मग एकेक जण पुढे येऊन थोडंथोडं वाजवतो, आणि शेवटी सगळे मिळून एकच छोटी ओळ घोळवत बसतात. गाणं म्हणणारा कुणीच नाही. कोणाची असेल?

ठेकेदार | शनिवार, रात्री ९:५८

थांबा. खाली बसतो.

पियानोनंतर पहिलं कोण येतं? आणि क्लॅरिनेट आहे का कुठे?

बोळातला | शनिवार, रात्री १०:०३

क्लॅरिनेट कसा ओळखायचा?

खवट_आजोबा | शनिवार, रात्री १०:०५

वरातीच्या बँडमध्ये गाण्याची मुख्य ओळ वाजवतो तो काळा लांबुडका. टोपी घातलेला माणूस असतो मागे.

बोळातला | शनिवार, रात्री १०:१४

परत लावली. तो नाही. पियानोनंतर सॅक्सोफोन. त्याच्यानंतर सरकणारा, घसरगुंडी खेळणारा, म्हणजे ट्रॉम्बोन ना? मग परत सॅक्सोफोन, मग ट्रंपेट.

पण एक गोष्ट. सॅक्सोफोन दोन वेळा येतो तो एकच माणूस वाटत नाही. पहिला जाडाभरडा, भरल्या गळ्याचा, थरथर पुष्कळ. दुसरा सुका, हलका, जरा आळसावून बोलल्यासारखा. वाद्य एकच असेल तर असं कसं?

ठेकेदार | शनिवार, रात्री १०:१७

पहिला हर्शेल इव्हान्स. दुसरा लेस्टर यंग. 'वन ओ'क्लॉक जम्प', काउंट बेसी, जुलै १९३७. गुडमननेही पुढल्या वर्षी हीच वाजवलीय, म्हणून क्लॅरिनेट विचारला. त्या दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही म्हणतात, आणि बेसीने त्यांना मुद्दाम असे आमनेसामने बसवले. ट्रंपेट बक क्लेटनचा.

नाव, साल काही माहीत नसताना दोन टेनर वेगळे ऐकलेत तुम्ही. मला ह्याला दोन वर्षं लागली होती.

गार्डसाहेबांबद्दल गेल्या रविवारी जे बोललो ते मागे घेतो.

लाखमोलाची | शनिवार, रात्री १०:२०

अभिनंदन! शेवटच्या खाचेच्या आत, लेबलाजवळ, कोरलेला नंबर असेल. तिरप्या उजेडात धरा आणि इथे टाका. म्हणजे नक्की होईल. आणि दुसरी बाजू कुठली आहे?

बोळातला | शनिवार, रात्री १०:२६

नंबर उद्या दिवसाउजेडी बघतो.

दुसरी बाजू वाजणार नाही. सुरुवातीला म्हटलं ना, लहानपणी मी ट्रंक उघडायचो. त्या बाजूवर खिळ्याने बदक काढलंय.

फाटका_खिसा | शनिवार, रात्री १०:२७

फोटो टाका.